परिशिष्ट तीन

त्र्याऐंशीच्या मार्चात चोपड्याहून सुटलेली एसटी
जिथे वळून माघारी जायची, तिथून पुढे
चालत गेलो कुंड्यापाड्याला.
शबनममध्ये दोनशे प्रश्नावल्या,
कानात पुण्याचे गाइड :
"देसले, जीव गुंतवू नका. नमुना नीट घ्या."

प्रतिसादक सत्तेचाळीस. झिंगी पावरा.
वय अंदाजे. जमीन निरंक.
प्रश्न बारावा : तुमच्या मते विकास म्हणजे काय?

ती बोलत राहिली. मोहाची फुलं पसरता पसरता,
मध्येच काठीने मातीत रेघा ओढत
अर्धा तास बोलली.
दुभाष्याने बिडी विझवली, म्हणाला,
"माहीत नाही म्हणते, सर."
मी कोड टाकला : नऊ.

मग तो पाणी प्यायला गेला.
रिकाम्या हातांनी बसवेना, म्हणून
तिच्या रेघा उतरवून घेतल्या कागदाच्या पाठीवर.

त्या नवाचं पुढे बरंच भलं झालं.
अशा नवांचे झाले एकतीस टक्के,
टक्क्यांचा तक्ता, तक्त्याचा लेख,
लेखावर नोकरी, नोकरीवर घर.
दिल्लीच्या सेमिनारात मी 'परिघावरचं मौन' म्हणालो
तेव्हा पहिल्या रांगेतल्या बाईंनी चष्मा काढून
डोळे पुसले होते.
अमळनेरला आई शेजारणींना सांगायची,
"मना पोऱ्या राजकारन शिकाडस,
पन इलेक्शनमा उभा ऱ्हात नही."
माझ्या विद्याशाखेची याहून नेमकी व्याख्या
मला नंतर कुठे सापडली नाही.

पाचव्या प्रकरणावरून
एका गृहस्थांशी चौदा वर्षं अबोला होता.
राज्यसंस्था स्वायत्त की सापेक्ष स्वायत्त, एवढंच.
ते गेले तेव्हा मी मोठा मृत्युलेख लिहिला,
त्यातही दोन तळटिपा होत्या.

निवृत्तीनंतर सहाव्या वर्षी फोन.
"मी रायकी पावरा. कुंड्यापाडा.
तुमच्या पुस्तकात आमच्या पाड्याचा नकाशा आहे का?
वनहक्काचा दावा लावलाय. जुना पुरावा मागतात."
पुस्तकात नव्हता. प्रबंधात होता, अगदी शेवटी,
परिशिष्ट तीन. परीक्षकांनी शेरा मारला होता :
प्रमाण दिलेले नाही. वगळल्यास चालेल.
वगळायचा राहून गेला.

विद्यापीठात प्रत सापडली, पाठीला कसर लागलेली.
झेरॉक्सवाल्याने तीन रुपये घेतले.

प्रांत कचेरीत टोकन बासष्ट.
नागरिक आणि शासन यांच्यातल्या अंतरावर
मी साठ पानं लिहिली आहेत.
उभ्या उभ्या मोजलं : अकरा फरशा आणि एक जाळी.
जाळीमागच्याने कागद तिरपा धरला.
"हे काढलं कोणी?"
मी म्हणालो, "मी."
रायकी म्हणाली, "आजीनं."
त्याने दोन्ही नावं लिहिली नाहीत.
शिक्का मारला. "बघू."

स्टँडवर चहा पिताना तिला विचारलं,
आजी काय बोलली होती त्या दिवशी?
"काय माहीत! मी जन्मले नव्हते," ती हसली.
"पण सांगायची ती, एक कागदवाला आला होता.
त्याला नाला दाखवला, मोह दाखवला,
कुणाचं शेत कुठून कुठवर ते दाखवलं,
म्हटलं, हे आधी लिही, बाकीचं मग विचार.
तो मान हलवायचा सारखी.
बैलासारखी, म्हणायची."

दाव्याचं अजून काही कळलेलं नाही.

घरी ट्रंकेतून सत्तेचाळीस नंबर काढला.
बारावा प्रश्न, चौकटीत नऊ, माझंच अक्षर.
नोंद मागाहून बदलायची नाही
हे मी तीस बॅचना शिकवलं,
एका मुलाला तर त्यावरून नापासही केलं.

पेनाचं टोपण लावलं.
कागद उलटा केला
आणि पाठ वर ठेवून
फाइलला टाचला.